नऊ इंची भिंत

आमची भिंत लोखंडासारखी आहे हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की पुढे पुढे मीच ते लोकांना सांगत सुटले होते. ऐकवणारा माझा चुलतभाऊ. गवंडीकाम करता करता तो ठेकेदार झाला, आणि किन्हवलीच्या अलीकडे आमचं जे घर आहे ते त्यानेच बांधलं. मी त्याला दादा म्हणते. म्हणायचे, असं लिहायला हवं खरं तर, पण जिभेची सवय अजून सुटत नाही.

वडील भातसानगरला धरणावर नोकरीला होते. सगळी नोकरी कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर गावच्या जागेवर घर बांधायचं ठरलं, तेव्हा शहापूरचे दोन ठेकेदार जागा बघून गेले. वडिलांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. "घरचा मानूस असताना बाहेरचा कशाला?" एवढंच म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द पक्का झाला, घरचं काम. घरच्या कामाचा कागद करायचा नाही. घरच्या कामावर उभं राहून बघायचं नाही. आमच्या भागात वीटभट्ट्या काय कमी आहेत? शेंबडं पोरसुद्धा दोन विटा एकमेकींवर आपटून सांगेल, पक्की कुठली नि कच्ची कुठली. पण पुतण्याने आणलेल्या विटा वाजवून बघायच्या म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणायचं. वडील धरणाच्या पाण्याची पातळी नेमाने मोजायचे, आणि स्वतःच्या घराच्या भिंतीला त्यांनी एकदाही टेप लावली नाही.

मी तरी कुठे शहाणी. वाशिंदच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं दिवसभर उलटीसुलटी करून बघायची, कड जराशी तुटकी दिसली की लाल क्रेटमध्ये टाकायचं. वीस वर्षं हेच चाललंय. आमच्या लायनीवरच्या बायका म्हणतात, बरं झालं हिने लग्न केलं नाही, हिच्या हातून नवरा पास झालाच नसता. आणि जिथे रोज अंग टाकते ते घर मात्र मी उलटून न बघता पास केलं होतं.

घर झालं, चार वर्षांनी वडील गेले, आई आणि मी अशा दोघीच राहिलो. त्यानंतर गेल्या श्रावणात आई मोरीत पडली. मी पहिल्या पाळीला जायच्या गडबडीत होते. धप्पकन आवाज आला म्हणून धावले तर आई कमोडच्या बाजूला आडवी. पाय घसरला म्हणाली. खुब्याचं हाड मोडलं होतं. खोटं कशाला सांगू, तिला दोन्ही हातांवर उचलून गाडीत घातली ती दादानेच. ऑपरेशन होईपर्यंत तो दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होता, चहा आणून देत होता. घराची किल्ली त्याच्याकडेच होती.

दहा-अकरा दिवसांनी मी घरी आले तर मोरी धुऊन लख्ख केलेली. कमोडच्या बाजूला टॉवेल टाकायचा एक स्टीलचा दांडा होता, तो वीतभर वर सरकवून नीट बसवलेला. जुन्या भोकांत पांढरं सिमेंट भरून वरून फडकं मारलेलं. तो दांडा तसाही जरा लटलटत असायचा. मला गहिवरून आलं. मी आईला फोनवर सांगितलं, बघ, एवढ्या धावपळीत याने टॉवेलचा दांडासुद्धा नीट करून ठेवला. आई काहीच बोलली नाही. मला वाटलं, औषधाची गुंगी असेल.

दवाखान्यातून आईला वाशिंदला माझ्या धाकट्या बहिणीकडे नेली. तिथे तळमजला आहे, दवाखानाही जवळ. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मोरीत पक्के दांडे बसवा, माणसाचं सगळं वजन झेलतील असे, आणि मगच यांना गावी न्या. पुन्हा पडल्या तर उभ्या राहायच्या नाहीत. इतकं साधं काम होतं ते. पण बहिणीकडे दोनच खोल्या, जावई समोरच बसलेला, आणि मोरीला जायचं तर दर वेळी कुणाला तरी हाक मारायची. आईला ते मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिने पाणी पिणंच कमी केलं. बहीण तांब्या भरून ठेवायची, संध्याकाळी तो तसाच भरलेला असायचा. ओठ सुकलेले, तरी घोट घ्यायची नाही. रोज संध्याकाळी मला फोन यायचा, "दांडा बसला का गो?"

शहापुरातून मी दोन चांगले जाड दांडे आणले आणि दादाला सांगितलं. तो म्हणाला, उद्या येतो. असे उद्या किती झाले ते मी मोजले नाहीत, पण महिना उलटला. मग म्हणाला, ड्रिलचं मशीन बिघडलंय. आता ओढ्यापलीकडे तो कुणा मुंबईवाल्याच्या बंगल्याची वाढीव खोली बांधत होता, आणि त्याच मशीनचा आवाज मला सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून ऐकू येत होता. मी चपला घातल्या आणि तडक तिथे गेले.

"कशाला भिंतीला भोकं पाडतेस," तो म्हणाला. "प्लास्टिकची खुर्ची भेटते मोरीत ठेवायला. तिला हात असतात. ती आन."

"डॉक्टरांनी दांडे सांगितलेत. खुर्ची सरकते."

"आपली भिंत नऊ इंची हाय, बाय. पक्की वीट, सिमेंटात बांधलेली. लोखंड हाय लोखंड. साध्या ड्रिलनं काय व्हायचं नाय. हॅमरच लागल, आनि तो तुला झेपायचा नाय."

बाकी सगळं मी ऐकून घेतलं असतं. पण ते 'झेपायचा नाय' माझ्या डोक्यात गेलं. घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की हॅमर ड्रिल मीच घेणार. तोही बॅटरीवरचा, कारण आमच्या मोरीत प्लग नाही. ओल्या लादीवरून वायर ओढून आणायची माझी हिंमत नव्हती, आणि आमच्याकडची लाइट तर तिच्या मर्जीने येते नि जाते.

आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर ड्रिलचेच व्हिडिओ बघत होते. बारा वोल्ट, अठरा वोल्ट, ब्रश असलेला, ब्रश नसलेला. ते बघून डोक्याचा भुगा झाला. शेवटी शहापूरच्या बाजारातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"कुठलं काम आहे?" दुकानदाराने विचारलं.

"भिंतीत दांडे बसवायचेत."

"मिस्टरांना पाठवा ना. त्यांना दाखवतो."

"मिस्टर नाहीत. भिंत आहे."

त्याने एक मोठा खोका काढून माझ्यासमोर आपटला, हाच सगळे नेतात म्हणाला, आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. मी तो हातात घेऊन बघू का म्हटलं, तर म्हणे सील तोडता येणार नाही. झाकण न उघडता डबा पास करायचा? वीस वर्षांत मी तसं कधी केलं नाही. मी पायरी उतरले.

पुढच्या सुट्टीला स्कूटी काढली आणि सरळगाववरून मुरबाडला गेले. तिथे बाजारपेठेच्या टोकाला एक जुनं दुकान आहे. दुकानदार साठीचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी म्हटलं, बॅटरीवरचा हॅमर ड्रिल दाखवा. तो उठला नाही. त्याने आधी विचारलं, "भिंत कसली हाय?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. व्हिडिओवाल्यांनीही नाही. मी पाठ केल्यासारखं सांगितलं, नऊ इंची, पक्की वीट, सिमेंटात.

त्याने काउंटरवर तीन ड्रिल मांडले आणि तिन्ही माझ्या हातात दिले. पहिला बारा वोल्टचा, हलका, मुठीत छान बसणारा. "यातला हॅमर नावाला," तो म्हणाला, "तसबिरी टांगायला ठीक हाय." दुसरा एवढा जड की मनगट खाली गेलं. तो कॉलम फोडणाऱ्यांचा. तिसरा अठरा वोल्टचा, सोबत दोन बॅटऱ्या, बाजूला धरायला आडवी मूठ, आणि तोंडाजवळ एक फिरवायची कडी. कडीवर तीन खुणा होत्या, एक स्क्रूची, एक साध्या ड्रिलची आणि एक हातोड्याची. मी तो खांद्याच्या उंचीवर धरून बघितला, मग स्टुलावर बसून कमरेच्या उंचीवर धरला, कारण आईचे दांडे तिथेच लागणार होते. तो हसला नाही. उलट म्हणाला, बरोबर, असंच बघायचं असतं.

मग त्याने काउंटरखालून काँक्रीटचा एक तुकडा आणि एक वीट काढली. काँक्रीटवर हॅमर बंद ठेवून चालवला तर बिट, म्हणजे पुढचं भोक पाडायचं टोक, नुसताच गरगरत राहिला, कडी हातोड्यावर फिरवली तसा आत शिरला. "हॅमर म्हंजे एवढंच," तो म्हणाला. "साधा नुसता फिरतो, हा फिरता फिरता ठोकतो." विटेवर मात्र साधाच सरळ आत गेला, आणि हॅमर लावल्यावर विटेचा कोपरा उडाला. "बघितलं? विटेला जपून. आधी हॅमर बंद ठेवून एक भोक पाडायचं आनि भुकटी बघायची. लाल आली तर वीट भाजलेली. पिवळी माती आली तर कच्ची, तिला हॅमर दाखवायचापन नाय."

"आमची पक्की आहे," मी म्हटलं.

"बांधताना बघितलीत तुमी?"

"घरचं काम आहे."

त्याने चष्मा काढून फडक्याने पुसला. "मग बिट जरा लांबच घेऊन जावा," तो म्हणाला. मला वाटलं, जाड भिंतीसाठी लांब बिट. मी मान डोलावली आणि अठरा वोल्टचा बांधून घेतला. येताना स्कूटीच्या पुढ्यात तो खोका होता, आणि मी इतकी खुशीत होते की सरळगावच्या नाक्यावर थांबून एकटीने वडापाव खाल्ला.

दुपारीच कामाला लागले. मोरीत स्टूल टाकलं, पेन्सिलने खुणा केल्या, लादीवरून बिट घसरू नये म्हणून चिकटपट्टी लावली. लादी हॅमरशिवाय पाडायची हे मला ठाऊक होतं. लादी छान पडली. मग मी लांब बिट लावला आणि तो म्हातारा जे सांगत होता ते साफ विसरले. आमची भिंत लोखंड ना? मी कडी हातोड्यावर फिरवली, मूठ पोटाशी धरली आणि सगळं अंग टाकून दाबला.

बिट लोण्यात शिरावा तसा आत गेला. ड्रिलचं तोंड लादीवर आदळलं, माझी बोटं सोलवटली, आणि लादी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली. मी बिट बाहेर ओढला. त्याच्यामागून भुकटी आली ती पिवळी. वीट नव्हेच ती, शेतातली माती. ती थांबेचना, भोकातून भुरभुर गळतच होती. आणि ती गळायची थांबली तेव्हा भोकात उजेड दिसला.

मला आधी कळेना की आत दिवा कसला. मी वाकून डोळा लावला. पलीकडे आमच्या परसातला कढीपत्ता दिसत होता.

बिट सहा इंच आत गेला होता. भिंत नऊ इंची होती. मी शाळेत गणितात बरी होते, पण हे गणित सोडवायला मला बराच वेळ लागला. मी टेप आणली आणि पुढच्या खोलीच्या खिडकीशी गेले. वडील ज्या खिडकीत पेपर घेऊन बसायचे तिथे भिंत भरपूर जाड, नऊ इंचांच्या वर. मग स्टुलावर चढून मोरीच्या वरच्या जाळीत हात घातला. मोरीच्या जाळीत कोण कशाला हात घालून बघतंय? तिथे दोन्हीकडचं प्लास्टर आणि लादी धरून साडेपाच इंच भरले. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते ती बाजू नऊ इंची, आणि मागची चार.

स्टुलावरून उतरताना तोल गेला आणि मी टॉवेलचा दांडा धरला. फार जोरही लावला नव्हता. तो भिंतीत ठोकलेल्या प्लास्टिकच्या गिट्ट्यांसकट हातात आला. त्याच्याबरोबर खालचं पांढरं सिमेंटही खपलीसारखं निघून पडलं, आणि त्यामागे नुसतं भोक नव्हतं, मूठ जाईल एवढी पोकळी होती. लटलटणारा दांडा एवढी पोकळी करत नाही. त्याला कुणीतरी लोंबकळलं होतं. मी कमोडच्या झाकणावर बसले. आई पडली तेव्हा टॉवेल कुठे होता, ते मला तिथे बसल्यावर आठवलं. तो तिच्या अंगाखाली होता, आणि दांड्याकडे तेव्हा माझं लक्षच गेलं नव्हतं.

मी भुकटी एका वाटीत भरली आणि दादाकडे गेले. त्याचं घर आमच्या शेजारीच आहे. ओट्यावर चहा पीत बसला होता. मी वाटी त्याच्यापुढे धरली.

"हे काय आहे?"

"माती."

"आमच्या लोखंडातनं निघाली."

तो म्हणाला, बस, चहा घे. मी बसले नाही. मग तो बोलायला लागला, आणि मला अजून चीड येते ती याची, की तो ओशाळला नव्हता. एखाद्या लहान पोराला समजवावं तसा बोलत होता. "तवा त्या ओढ्यापलीकडच्या बंगल्याचं काम चालू व्हतं. त्यांचा इंजिनियर रोज यायचा, वीट न् वीट वाजवून बघायचा. जरा कच्ची वाटली की बाजूला काढ. त्या बाजूला काढलेल्या विटांचं काय करनार? टाकून देऊ? घरचं काम व्हतं म्हनून जमवून घेतलं. परक्याकडं असं चालत नाय, बाय. घरच्यांनीच सांभाळून घ्यायचं असतं."

म्हणजे आमचं घर लाल क्रेटमधल्या मालाचं. कुणा परक्याने नापास केलेलं, आणि आम्ही हार घालून, नारळ फोडून, जेवणावळ घालून त्यात राहायला गेलो. जो माणूस रोज येऊन संशय घ्यायचा त्याला पक्क्या विटा मिळाल्या, आणि ज्यांनी भरवसा ठेवला त्यांना माती. त्याला मी दर दिवाळीला ओवाळते. माझ्या वडिलांना खांदा देणाऱ्यांत तो होता. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्याच्या बायकोने आतून दार लोटून घेतलं एवढं आठवतंय.

शेवटी मी विचारलं, "आणि टॉवेलचा दांडा?"

तेव्हा मात्र तो कपात बघायला लागला. "ते काकूला इचार. मी तिला म्हनलं व्हतं, तुला सांग म्हनून. तीच नको म्हनाली."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मी बहिणीकडे गेले. बहीण कामावरून आली नव्हती. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती, बाजूला पाण्याचा तांब्या झाकलेला. मी ती वाटी तिच्यासमोर ठेवली. तिने एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. तिला काही विचारावंच लागलं नाही.

"बांधकामाला पानी मारायला मीच व्हते ना," ती म्हणाली. "सांजच्याला पाईप धरला की विटंची माती व्हायची. पायावर पिवळा वघळ यायचा. तुझ्या बापाला सांगितलं मी. तो म्हनला, गप बस, घरचा हाय, चार मानसांत त्याचं नाव जाईल."

"आणि दांडा?"

"धरून उठत व्हते. आला हातात."

"मग मला पाय घसरला म्हणून का सांगितलंस?"

"तुझं तोंड मला म्हाईत हाय. तू त्याला सोडला नसतास."

हिचा खुबा मोडला, मांडीत सळई घातली, आणि ही स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्याची अब्रू सांभाळत होती. बरं, तेही एक वेळ मी गिळलं असतं. पण ही रोज संध्याकाळी मला फोन करत होती, दांडा बसला का गो. त्याच भिंतीत. मी बसवला असता. तिने तो धरला असता आणि पुन्हा पडली असती. जन्मभर मी स्वतःला दोष देत बसले असते, की माझ्याच हाताने नीट बसला नाही.

हे सगळं मी तिला बोलून दाखवलं. आवाज चढला होता माझा. शेजारच्या बाईने दारातून डोकावून बघितलं.

"मला वाटलं, तो काय तरी करून देल," आई म्हणाली. "तो घरचा हाय गो."

"आणि मी?"

तिला प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. "तू काय," ती म्हणाली, "तू हायसच."

मी तांब्यावरची वाटी काढली, पाणी ओतलं आणि तिला प्यायला लावलं. ती निमूट प्यायली. त्यानंतर तिच्याशी मी आठ दिवस फोनवर बोलले नाही, बहिणीकडून चौकशी करत होते. आज लिहिताना वाटतं, नीट विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण मला ते जमत नाही. वडिलांच्या फोटोवरसुद्धा त्या आठवड्यात मी फूल वाहिलं नाही.

मुरबाडला परत गेले. म्हाताऱ्याने मला पायरीवर बघूनच विचारलं, "पिवळी?"

"पिवळी."

तो 'मी म्हटलं नव्हतं का' म्हणाला नाही, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. त्याने कागदावर एक उभी रेघ काढली. दांडा भिंतीत नको, म्हणाला, खाली लादीतून काँक्रीटमध्ये आणि वर स्लॅबमध्ये, उभा खांबासारखा. भिंतीला हातच लावायचा नाय. "स्लॅब कुनी टाकलाय?"

स्लॅबच्या दिवशी बाहेरची माणसं आली होती, मिक्सर घेऊन. आणि ती बाहेरची म्हणून वडील दिवसभर छत्री घेऊन उन्हात उभे होते, रेतीची पाटी न् पाटी बघत. हे मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग स्लॅब चांगला असणार.

शहापूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून मी जाड पाईप कापून घेतला, दोन्ही टोकांना चार-चार भोकांच्या थाळ्या वेल्ड करून. खालची चार भोकं लवकर पडली. वरच्यांनी रडवलं. टेबलावर स्टूल, स्टुलावर मी, तोंडावर ओढणी, आणि ड्रिल डोक्यावर धरलेला. हॅमरची खरी गरज तिथे होती. राखाडी भुकटी पापण्यांवर पडत होती, खांदे भरून आले, दोन्ही बॅटऱ्या संपल्या, पुन्हा चार्ज केल्या. बोल्ट आवळून झाल्यावर मी पाय उचलून त्या पाईपला लोंबकळले. मी काही बारीक नाही. पाईप जागचा हलला नाही. मग मी त्याला दोन्ही पायांनी रेटा देऊन बघितलं, पान्याने ठोकून बघितलं. माझ्या लाल क्रेटमध्ये तो गेला नसता.

मागची भिंत पाडून पुन्हा बांधायची आहे. बाहेरचा ठेकेदार बघून गेलाय. त्याच्या विटा मी वाजवून बघणार, हे त्याला आधीच सांगितलंय, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

आईला घरी आणली. तिला गाडीतून उतरवून घ्यायला दादा आला होता, पण मी बहिणीला दुसरी बाजू धरायला सांगितलं. आई म्हणाली, आधी मोरीला जाते. वॉकर टेकत टेकत दारापर्यंत गेली आणि थांबली. समोर पाईप. तिने एका हाताने तो धरला आणि हलवून बघितला. मग वॉकर सोडून दोन्ही हातांनी धरला आणि पुन्हा हलवला, जोर लावून. मान वर करून स्लॅबला लागलेल्या थाळीकडे बघितलं. बोटाच्या पेराने दोनदा वाजवून ऐकलं, भट्टीवर वीट वाजवतात तसं.

"काय बघतेस?" मी विचारलं.

"बघते गो," ती म्हणाली. "घरचं काम हाय ना."

सात वर्षं दादाच्या भिंतीला या बाईने बोट लावलं नव्हतं. मी म्हटलं, "हलव, अजून हलव." तिने आणखी एकदा हलवून बघितला, आणि मग मला म्हणाली, जा आता, दार लोट.